दिव्याला गेलेले पाच ठिपके

समृद्धीच्या बाबांनी घरातल्या तिघांच्या फोनमध्ये ते ॲप टाकलं आणि आठवडा व्हायच्या आत समृद्धीने आपला फोन रचनाच्या वहीवर आणून ठेवला.

"याला जरा अभ्यासाला बसव," ती म्हणाली. "मी आलेच."

"कोणाला?"

"फोनला गं. बाबांना नकाशावर माझा ठिपका दिसतो. ठिपका अभ्यासिकेत दिसला की ते खूश. आता ठिपका बसलाच आहे अभ्यासाला, तर मी कशाला बसू?"

रचनाला हसू आलं. दोघी एकाच कॉलेजात, एस. वाय. बीकॉमला. समृद्धी डोंबिवलीतल्या एका मोठ्या सोसायटीत सातव्या मजल्यावर राहायची. रचना दिवा स्टेशनजवळच्या वस्तीतली. घरी टेबल मांडायला जागा नाही आणि शेजारच्या लग्न-बारशांचे स्पीकर कधी सुरू होतील याचा नेम नाही, म्हणून कॉलेज सुटलं की ती डोंबिवलीतल्याच एका पतपेढीच्या वरच्या अभ्यासिकेत जाऊन बसायची. तिला बँकेची परीक्षा द्यायची होती. खिडकीजवळची खुर्ची तिची. एकदा बसली की अंधार पडेपर्यंत उठायची नाही. फोन सांभाळायला हिच्याहून भरवशाची जागा अख्ख्या डोंबिवलीत शोधून सापडली नसती.

समृद्धी त्या दिवशी मोकळ्या हातांनी गेली आणि संध्याकाळी गाल लाल करून परत आली.

"कुठे गेलेलीस?"

"कल्याणला. पारनाक्याजवळ केदारच्या मित्राचा पोटमाळा आहे, तिथे कॅरम खेळलो. भारी वाटलं गं. पहिला तासभर मात्र हाताचं काय करायचं तेच कळेना. सारखी खिसा चाचपत होते."

दुसऱ्या दिवशी केदार स्वतःच फोन घेऊन आला. मग आणखी तिघं आले. सगळे त्याच सोसायटीतले, लहानपणापासून एकत्र वाढलेले, आणि सगळ्यांच्या घरी आता तेच ॲप. त्याचं श्रेय केदारच्या बाबांना. परुळेकर हे एका खाजगी कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होते आणि सोसायटीच्या ग्रुपवर त्याहून मोठ्या. मुलगा रोज चार-चार तास अभ्यासिकेत दिसतो म्हटल्यावर त्यांनी नकाशाचा फोटो काढून ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, 'लक्ष ठेवलं की मुलं सुधारतात.' बाकीच्या आईबापांनी हात जोडल्याची चित्रं पाठवली आणि त्याच रात्री आपापल्या मुलांच्या फोनमध्ये ॲप टाकून घेतलं. आईबाप जसजसे सावध होत गेले तसतशी रचनाची गिऱ्हाइकं वाढत गेली.

पैसे मात्र ती घेत नसे. समृद्धीने एकदा विषय काढला तेव्हा ती म्हणाली, "मी काय पाळणाघर चालवते का?" कोणी वडापाव आणून द्यायचं, कोणी नोट्स. फोन बंद करायचा नाही, हा एकच नियम. फोन बंद झाला की ॲप आईबापांना लगेच कळवायचं, आणि मग ठिपका गायब झाला म्हणून घरात रडारड. त्यामुळे रचना पाचही फोन चार्ज ठेवायची, आवाज बंद करून पुस्तकांच्या आड रांगेत मांडायची. कोणाचा फोन थरथरला तर 'लायब्ररीत आहे' एवढा निरोप पाठवायची. पाचही जणांचे पासवर्ड तिला पाठ झाले होते.

गंमत अशी की हीच मुलं लहानपणी हातात मोबाईल दिल्याशिवाय भाताचा घास घेत नसत. खाली जाऊन खेळा, खाली जाऊन खेळा, असं म्हणून म्हणून त्यांच्या आयांचे घसे बसले होते. आता मुलं मोबाईल टाकून खेळायला जात होती, आणि ते लपवायला त्यांना अभ्यासाचं सोंग आणावं लागत होतं.

रचनाला हे सगळं मजेशीर वाटायचं, पण कधीकधी पुस्तकात डोकं घातलेलं असताना शेजारच्या पडद्यावर उजेड पडायचा आणि अक्षरं उमटायची, 'बाबांनी तुमचं ठिकाण पाहिलं.' तेव्हा ती वाचता वाचता थांबायची. तिच्या स्वतःच्या फोनला असलं कोणी काही कळवत नसे. तिचे बाबा चांगदेव लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर घोडबंदरच्या उंच उंच इमारतींत दिवसभर चढ-उतार करायचे. आई रंभा ठाण्यात एका लॅबमध्ये रक्ताचे नमुने गोळा करायच्या कामाला. रात्री दोघं घरी आली की विचारायची, "जेवलीस ना?" कुठे होतीस, हे कोणी विचारत नसे. विचारायचं कारणच नव्हतं. जिला कुठेही जायची मोकळीक होती ती रचना एका खुर्चीला चिकटून बसलेली, आणि ज्यांच्या पायात दोरी बांधलेली ती पाचही जणं गावभर उंडारत होती.

ज्या दिवशी हे सगळं अंगाशी आलं त्या दिवशी पाचही जण एकत्र कल्याणला गेले होते. पोटमाळ्यावर स्पर्धा ठेवली होती. "सहापर्यंत येतो," म्हणून गेले. दुपारी तीनच्या सुमारास अभ्यासिकेच्या मधल्या पंख्याशेजारचा छताचा भलामोठा पोपडा धाडकन खाली आला. लागलं कोणालाच नाही, पण अभ्यासिका सांभाळणारे भगवानकाका असे घाबरले की त्यांनी सगळ्यांना बखोटीला धरून बाहेर काढलं, दाराला कुलूप घातलं आणि पतपेढीच्या सेक्रेटरीला शोधायला निघून गेले.

रचना पाच फोन सॅकमध्ये घालून खालच्या चहाच्या टपरीशी उभी राहिली. सहापर्यंत थांबायचं, एवढंच डोक्यात होतं. तेवढ्यात तिचा स्वतःचा फोन वाजला. दिव्यातल्या घराशेजारच्या रखमाबाई होत्या.

"पोरी, टँकर आलाय! तुझी पिंपं रिकामी, घरात कोणी नाय. पाइप मी धरून ठेवते, पण लोक ऐकत नाहीत. ये लवकर, नायतर दोन दिवस अंघोळीची गोळी घ्यायची."

आता काय करायचं? मुलांना कळवावं तर त्यांचे फोन तिच्याच पाठीवर. ज्याच्या पोटमाळ्यावर ती पाचही जणं बसली होती त्याचा नंबर होता, पण तो केदारच्या फोनमध्ये कुठल्यातरी टोपणनावाने. तिला ते माहीत नव्हतं. फोन टपरीवाल्याकडे ठेवावेत, तर पाच महागाचे फोन, उद्या एखादा इकडचा तिकडे झाला तर भरून कोण देणार? शेवटी तिने हिशेब केला की पाणी भरून सहाच्या आत परत येता येईल. टपरीवाल्याला म्हणाली, "कोणी विचारायला आलं तर सांगा, दिव्याला गेलेय, टँकर आलाय." आणि निघाली.

एक गोष्ट तिच्या ध्यानातच आली नाही. ती एकटी निघाली नव्हती. तिच्याबरोबर पाच ठिपके निघाले होते.

घरी पोहोचली तेव्हा गल्लीत पाइपांचं जाळं पसरलं होतं. तिने सॅकमधले फोन काढून ओले होऊ नयेत म्हणून पिठाच्या रिकाम्या डब्यात ठेवले, डबा फळीवर चढवला आणि पाइप हातात घेतला. पहिलं पिंप निम्मं भरलं असेल नसेल, फळीवरून घुरघुर सुरू झाली. स्टीलच्या डब्यात पाच फोन एकदम थरथरायला लागले तर केवढा आवाज होतो, ते त्या दिवशी अख्ख्या गल्लीने ऐकलं.

"अगं, तुझा डबा बोंबलतोय!" रखमाबाई ओरडल्या.

रचनाने त्यांच्या हातात पाइप दिला, ओले हात ओढणीला पुसले आणि वरचा फोन उचलला. समृद्धीचा होता.

"समू! दिव्यात काय करतेयस तू?"

"काकू, मी रचना."

"कोण रचना?"

ते तिला जरा लागलं. इतके दिवस हिच्या मुलीला सांभाळलं, निदान तिच्या फोनला तरी, आणि घरी नावसुद्धा माहीत नाही. "तिची कॉलेजातली मैत्रीण. तिचा फोन माझ्याकडे आहे."

"आणि ती?"

"ती... इथे नाहीये."

पलीकडे कुजबुज झाली. मग एक पुरुषी आवाज आला, दबका, पण स्पष्ट: "ठेवू नका! बोलत राहा! किती मागतायत विचारा!"

"काकू, कोणी काही मागत नाहीये," रचना म्हणाली. "टँकर आलाय. मी पाणी भरतेय."

फोन कट झाला. बाकीचे चार वाजतच होते. रचनाने डब्याला झाकण लावलं. आता तिच्या लक्षात आलं काय झालंय ते, आणि ती खाली बसली. पण पाणी थोडंच थांबतंय? रखमाबाईंनी हाक मारली तशी उठून तिने दुसऱ्या पिंपात पाइप सोडला.

दोन गाड्या आल्या. गल्लीत शिरेनात, म्हणून नाक्यावर लावल्या आणि पाचही घरांमधली माणसं चालत आत आली. पुढे परुळेकर. आरतीचं तबक धरावं तसा त्यांनी फोन छातीशी धरला होता, नजर त्यावर, आणि पाय पाइपांत अडखळत होते. मागे समृद्धीची आई सुमती, हातात चपला घेऊन, कारण चिखल होता. पोरंटोरं वाट सोडून बघत उभी राहिली. रचनाच्या दाराशी आल्यावर परुळेकरांच्या फोनमधून एक गोड बायकी आवाज म्हणाला, "तुम्ही केदारजवळ पोहोचला आहात."

परुळेकरांनी मान वर केली. समोर ओल्या सलवारीतली एक मुलगी, दोन पिंपं आणि रखमाबाई. त्यांनी पुढे होऊन पिंपात वाकून बघितलं. खरोखरच बघितलं. पाण्यात त्यांचाच चेहरा दिसला असणार.

"कुठे आहे तो?"

रचनाने फळीवरचा डबा काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी झाकण उघडलं. आत पाच फोन, थोडंसं पीठ लागलेले.

मग जो गलका झाला तो विचारू नका. कोणी पोलिसांत जाऊ म्हणे, कोणी ही पोरगी टोळीतली आहे म्हणे. रचनाने जे होतं ते सांगून टाकलं. लपवण्यासारखं राहिलंच काय होतं? अभ्यासिका, खिडकीजवळची रांग, पारनाका, पोटमाळा, सगळं.

"आणि तिथे काय करतात?" परुळेकरांनी विचारलं. दारू, जुगार, की त्याहून भयंकर काही, सगळ्यांच्या चेहऱ्यावर यादी दिसत होती.

"कॅरम खेळतात."

"खरं सांग."

"खरंच सांगतेय, काका. कॅरम."

"कॅरम खेळायला कोणी घरी खोटं बोलतं का?" परुळेकर कडाडले. "कॅरमला आम्ही कधी नाही म्हटलंय?"



एवढ्यात रंभा कामावरून आली. दारात माणसांची गर्दी आणि मध्ये मान खाली घातलेली आपली मुलगी बघून ती थबकली. खांद्यावरची पिशवी तिने खाली ठेवली नाही. "काय झालंय?"

"तुमच्या मुलीने आमच्या मुलांचे फोन ठेवून घेतलेत," परुळेकर म्हणाले. 'ठेवून घेतलेत' वर जरा जोर होता, आणि त्यांची नजर खोलीभर फिरून आली.

रंभाने रचनाकडे बघितलं. रचनाने नकारार्थी मान हलवली. तेवढं तिला पुरलं. "घेतले नाहीत, साहेब. तुमच्या मुलांनी दिलेत. का दिले ते त्यांनाच विचारा. फोन करा त्यांना."

परुळेकरांनी सवयीने अंगठा उचलला आणि तसाच ठेवला. त्यांच्या दुसऱ्या हातातल्या डब्यात केदारचा फोन होता.

"त्याचा कोण मित्र आहे तिथला, त्याला करा," रंभा म्हणाली. मित्राचं नाव कोणालाच माहीत नव्हतं. आतापर्यंत मुलगा कुठल्या रस्त्याच्या कुठल्या बाजूला आहे ते त्यांना पावलापर्यंत सांगता येत होतं. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. शेळ्या कधीच दुसऱ्या रानात गेल्या होत्या.

उभं किती वेळ राहणार? रंभाने सतरंजी अंथरली, आणि नुकत्याच भरलेल्या पिंपातलं पाणी काढून चहा टाकला. पाण्याची किंमत त्या गल्लीला माहीत होती, म्हणून रखमाबाईंनी तोंड वाकडं केलं. सुमती सतरंजीच्या कडेला, रचनाच्या शेजारी बसली. चहाचा पहिला घोट घेऊन तिने हळूच विचारलं, "बरी खेळते का गं समू?"

"राणी तीच घेते म्हणे नेहमी."

"अच्छा," सुमती म्हणाली, आणि पदराने तोंड पुसायचं निमित्त करून हसली. मग काहीतरी सुचल्यासारखं तिने सोसायटीच्या वॉचमनला फोन लावला. वॉचमनकडे कुठलंच ॲप नव्हतं. तो म्हणाला, "मॅडम, पाचों बच्चे नीचे सीढ़ी पे बैठे हैं. बोल रहे हैं घर को ताला है."

तिकडे काय झालं ते रचनाला नंतर समृद्धीने सांगितलं. सहाच्या सुमारास ती पाचही जणं अभ्यासिकेशी आली तर दाराला कुलूप. टपरीवाला म्हणाला, ती दिव्याला गेली. दिव्यात कुठे? तिचं घर कोणी पाहिलेलं नव्हतं, पत्ता कधी विचारला नव्हता. टपरीवाल्याने आपला फोन पुढे केला, लावा म्हणाला घरी. पाचही जण एकमेकांकडे बघत राहिले. आईबापांचे नंबर कोणालाच येत नव्हते. समृद्धीला एकच नंबर पाठ होता, आजीच्या घरच्या जुन्या फोनचा, आणि आजी गेल्यावर तो फोन काढून टाकलेला. केदारने आठवून आठवून बाबांचे पहिले सहा आकडे सांगितले. "बाकीचे चार मी लावून बघू का?" टपरीवाल्याने विचारलं म्हणे.

मग सगळी चालत घरी गेली, तर पाचही घरं बंद. आईबाप मुलांना शोधायला बाहेर, मुलं आईबापांची वाट बघत पायरीवर. बसल्या बसल्या त्यांनी अंताक्षरी खेळली. समृद्धी म्हणाली, "खरं सांगू? तो पण दिवस वाईट नव्हता."

त्यानंतर जे व्हायचं ते झालं. परुळेकरांनी केदारसाठी मनगटावर बांधायचं घड्याळ आणलं, ज्यातून तो कुठे आहे ते कळायचं आणि जे काढलं तर बोंब मारायचं. शिवाय सोसायटीच्या क्लबात एक नवा कॅरमबोर्ड आणून ठेवला, वर कॅमेरा लावला. त्या बोर्डावर अजून कोणी खेळलेलं नाही. सोसायटीच्या ग्रुपवर 'मुलांशी संवाद' या विषयावर एक लांबलचक लेख फिरला. तो मुलं सोडून सगळ्यांनी वाचला. समृद्धीला रचनाशी बोलायला बंदी झाली, म्हणून ती कॉलेजात बोलायची.

दिव्याच्या घरीही हादरा बसलाच. चांगदेवने रात्री सगळं ऐकून घेतलं आणि तो म्हणाला, "आपण पण टाकू या ते ॲप. निदान कळेल तरी." रचनाच्या मनात खरंतर आनंदच झाला. दुसऱ्या दिवशी दुपारी तिच्या फोनवर पहिल्यांदा अक्षरं उमटली, 'आईने तुमचं ठिकाण पाहिलं.' ती किती वेळ त्याकडे बघत बसली. आठवडाभर रंभा कामाच्या मधल्या सुट्टीत ठिपका बघायची आणि घरी येऊन सांगायची, "दिसलीस गं. बसलेलीस." आठवड्यानंतर तिने ते काढून टाकलं. म्हणाली, "तू हलतच नाहीस, तर बघू काय? उगाच बॅटरी खातं."  रचनाला थोडं वाईट वाटलं आणि थोडं सुटल्यासारखंही वाटलं; यातलं जास्त काय, ते तिचं तिलाही कळलं नाही.

छताची दुरुस्ती होऊन अभ्यासिका पुन्हा उघडली. रचना खिडकीजवळच्या खुर्चीवर परतली, आणि एका बुधवारी दुपारी तिच्या वहीवर सावली पडली. सुमती होती. खांद्याला मोठी कापडी पिशवी.

"तुझ्याकडे थोडं काम होतं," ती कुजबुजली.

"काकू, मी ते बंद केलंय. शपथ."

"हो गं, ते माहितीय." सुमतीने इकडेतिकडे बघितलं आणि पिशवीतून आपला फोन काढून पुस्तकाशेजारी ठेवला. "दोन तास. फक्त बुधवारी. आमच्या ह्यांनी तिघांच्या फोनमध्ये टाकलंय ना ते. समूकडे बघता बघता माझ्याकडेही बघतात. बाजारात जरा जास्त थांबले तर लगेच मेसेज, अजून तिथेच?"

 रचनाने एक नवा नियम काढला. "ठेवते. पण तुम्ही कुठे असणार ते मला खरं सांगायचं. परत माझ्या दारात गाड्या नकोत."

सुमतीने ओठ चावला. "पोहायला शिकतेय," ती म्हणाली. "हसू नकोस. ह्यांना सांगितलं तर म्हणतील, या वयात? लहानपणी विहिरीपाशी उभी राहून भावांना पोहताना बघायचे, तेव्हापासून राहिलंय." पासवर्ड सांगून ती जिना उतरून गेली. वहाणांचा आवाज झरझर खाली गेला, तरुण मुलीसारखा.

अर्ध्या तासाने फोन थरथरला. समृद्धीच्या बाबांचा मेसेज होता: 'अभ्यासिकेत? तू काय करतेस तिथे?'

रचनाने थोडा वेळ विचार केला. समोर बँकिंगचं पुस्तक उघडं होतं, व्याजदरांचं प्रकरण अर्धं झालं होतं. तिने टाइप केलं, 'वाचतेय,' पाठवलं, आणि पान उलटलं.